पथारीवरचे गुणगुणणे

माझ्या साडूने मला फसवले. नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापारात तो माझा भागीदारही होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे चांगले सांगायला मन मोकळे राहील.

पन्नास-साठच्या त्या दशकांत मिरचीचा भाव तोंडाने ठरत नसे. अडत्या रुमालाखाली खरेदीदाराचा हात धरी आणि बोटे दाबून भाव कळवला जाई. मी रनाळ्याहून येऊन पोती वाहता वाहता व्यापारी झालो होतो. बोलण्यात मला कोणी हरवत नसे. पण राग आला किंवा एखादा माल फार मनात भरला की माझा उजवा हात थरथरे. चेहरा दगडासारखा ठेवता येतो, हात नाही. ही गोष्ट एकट्या साडूला ठाऊक होती. त्याने ती अडत्याला सांगितली आणि बदल्यात चांगल्या मालाची पहिली निवड वेगळा व्यापार करणाऱ्या आपल्या भावाला मिळवून दिली.

मला कळले ते अडत्याच्याच तोंडून. एका सकाळी रुमालाखाली माझा हात धरून तो गालात हसला.

"शेठ, तुन्हा हात थरथर करी ऱ्हायना. आखो एक बोट वाढव."

"हात मन्हा शे. तुले काय करनं?"

"तुन्हा साडूनीच सांगं. हात हालना म्हनजे शेठ माल सोडाव नही."

मी रुमाल फेकला आणि साडूला जाब विचारायला आमच्या पथारीकडे निघालो. पथारी म्हणजे गावाबाहेरचे मोकळे रान. तिथे ओल्या लाल मिरच्या उन्हात पसरायच्या आणि मजूर बायका बसून देठ खुडायच्या. साडू तिथे नव्हता. बायका वाऱ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मिरचीचा ठसका लागू नये म्हणून सगळ्यांनी नाकातोंडावर फडके घट्ट बांधले होते, आणि तशाच त्या गात होत्या. फडक्यातून शब्द बाहेर येतच नव्हते. यायची ती नुसती गुणगुण, एकीची संपायच्या आत दुसरीची सुरू झालेली. त्या सातपुड्यातल्या मोलगीकडच्या, त्यांची बोली मला येत नव्हती. शब्द आले असते तरी मला कळले नसते.

मी भांडायला आलो होतो. उभा राहिलो, आणि काही वेळाने पाहिले तर हात शांत होता.

मी पडलो सौदा करणारा माणूस. त्यांच्यातल्या म्हातारीला म्हणालो, रोज बाजाराआधी माझ्यासाठी थोडे गा, मजुरी वाढवून देतो. तिने तोंडावरचे फडके खाली ओढले आणि बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाली,

"गानं काय मिरची शे, इकाले? गानं कामसंगे येस. आठे बठ, देठ खुड. आम्ही गासूत."

"शेठनी देठ खुडाना?"

"मग शेठनी ऐकू नही."

बाकीच्या फडक्यातल्या फडक्यात हसल्या. आयुष्यात मी पहिल्यांदा घासाघीस न करता भाव मान्य केला. तो सगळा हंगाम सकाळी फडके बांधून त्यांच्यात बसलो. बोटे देठांवर, कान त्या गुणगुणीवर. श्वास आपोआप लांब होई. मग बाजारात जाऊन रुमालाखाली हात देई. अडत्या हात चाचपत राही आणि त्याला काही सापडत नसे. एकदा वैतागून त्याने विचारले, "शेठ, ताप उतरना का?"

पुढे मी जे उभे केले ते त्या हातावर. लोक माझ्या हुशारीचे नाव घेतात. मी मनातल्या मनात त्या बायकांचे घेतो. घरीसुद्धा माझा आवाज खाली आला, तो त्यांच्यामुळे. त्यांचे उपकार फेडण्यासारखे नाहीत आणि फेडायची मला घाईही नाही.

पुढच्या हंगामात त्याच फसवणुकीवरून भागीदारी मोडली, तेव्हा पथारी साडूच्या वाट्याला गेली. मीही अडून बसलो नाही. गुदाम मला हवे होते. महिन्याभराने तिकडून जाताना पाहिले, बायका त्याच, फडकी तीच, पण ठसक्याशिवाय आवाज नाही. साडूने ताकीद दिली होती म्हणे, गाण्याने हात मंदावतात. म्हातारीने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घालून देठ खुडू लागली.

माझा हात विकला, ते मी एक वेळ सोडून देईन. पण जागा वाटली, तराजू वाटले, ताडपत्र्या वाटल्या, तेव्हा त्या बायकांचे गाणे कोणत्या वाटणीत त्याच्याकडे गेले? साडू अजून याच गावात आहे. त्याने त्या पथारीवर, त्या बायकांसमोर उभे राहून याचा जबाब द्यावा.