आक्काच्या स्कॅनमधली विरळ जागा

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी माझी थोरली बहीण पोटाच्या दुखण्यानं हैराण झाली. तिला घोडेगावला दिलेली. घरी थोडी शेती, चार म्हशी. दाजींनी तिला नगरच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांना लिव्हरमध्ये गाठ असल्याचा संशय आला. मी मुंबईच्या एका इस्पितळात आयसोटोप विभागात तंत्रज्ञ होतो, म्हणून दाजींनी आक्काला माझ्याकडे धाडलं.

आमचं यंत्र तेव्हा साधंच होतं. शिरेतून किरणं सोडणारं औषध टोचायचं. ते लिव्हरमध्ये जाऊन बसलं की यंत्राचं डोकं पोटावरून ओळीओळीनं फिरायचं आणि कागदावर टकटक ठिपके पाडायचं. लिव्हर चांगलं तिथं ठिपके दाट, गाठ असेल तिथं कागद मोकळा. आक्काच्या कागदावर उजवीकडे वरच्या अंगाला ठिपके विरळ होते. मोकळी जागा नव्हती, पण विरळ.

अडचण अशी, की किरणं बाहेर येताना वाटेतल्या मांसात थोडी जिरतात. आक्का अंगानं भरलेली, आणि ती जागा नेमकी छातीखाली आलेली. ठिपके गाठीमुळे कमी झाले की मांसानं किरणं अडवली, हे कागदावरून कळेना.

दुसऱ्या दिवशी तिला पालथं झोपवून पाठीकडून स्कॅन काढला. अंगाची जाडी मोजली. मग एका टाकीच्या तळाशी औषधाची कुपी ठेवली, वर मांसाच्या जागी पाणी चढवत गेलो आणि किरणं किती घटतात ते पाहिलं. त्या हिशेबानं कागदावरची एकेक जागा हातानं दुरुस्त केली. आक्का बाकावर बसून बघत होती. एवढा जीव आटवू नको म्हणाली.

विरळ जागा अर्धी भरून निघाली, अर्धी तशीच राहिली. माणसाचं अंग म्हणजे काही पाण्याची टाकी नव्हे. उरलेलं ते माझ्या हिशेबातलं कमीजास्त होतं की आजार, ते मलाही ठरवता येईना, डॉक्टरांनाही. तेवढ्यावर पोट उघडायला सर्जन तयार झाले नाहीत.

मी तिला घोडेगावला पोचवायला गेलो. गोठ्यापाशी बसून दाजींना किरणं, मांस, पाणी, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते समदं खरं. पन गाठ हाय का न्हाई?"

"मला सांगता येत नाही, दाजी."

ते उठून म्हशींना वैरण टाकायला गेले. आत आक्कानं मला जेवायला वाढलं. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अर्दं पुसलंस ना तू? मंग ऱ्हायलेलं बी पूस की."

ती हसत होती.

उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी धरलं. नगरच्या डॉक्टरांना आता गाठ हातालाच लागत होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. महिनाभरात ती गेली.

तेराव्याला दाजींनी विचारलं, तवाच कळलं असतं तर वाचली असती का. तेव्हाही बहुतेक नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरं होतं. त्यांना त्यानं बरं वाटलं की आणखी वाईट, मला कळलं नाही. ते स्टँडवर सोडायला आले आणि बस सुटेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.