चहा पिणाऱ्यानं निवडलेली बिअर

शंकरराव मेश्रामांना बिअरच्या सामानाच्या दुकानात घेऊन जायची पाळी माझ्यावर येईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शंकरराव मूळचे नागपूरचे, आता शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे, पुलांची डिझाइनं करणारे इंजिनिअर. छप्पन साली, बाराव्या वर्षी, त्यांनी आईबरोबर धम्मदीक्षा घेतली आणि पाचवं शील, मद्य न घेण्याचं, अमेरिकेतही कधी मोडलं नाही. पार्टीत आम्ही बाटल्या उघडायचो तेव्हा हे गृहस्थ शांतपणे चहा मागायचे. मला त्याचा थोडा रागच यायचा, कारण त्यांच्यासमोर तिसरा ग्लास भरताना हात अडखळायचा.

दुकानात जायला कारण झाला त्यांचा शेजारी वॉल्टर. जर्मन घराण्यातला, मशीनशॉपमधून रिटायर झालेला, तळघरात हौसेनं बिअर बनवणारा. एकोणऐंशीच्या हिमवादळात त्यानं आधी शंकररावांचं दार मोकळं केलं होतं, मग स्वतःचं. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात त्याला स्ट्रोक आला आणि वाचाच गेली. समजायचं सगळं, पण तो खिडकीकडे तोंड करून बसायचा, जेवण पुढे आलं तरी मान हलवून नकार द्यायचा. त्याची बायको हेलन एकदा शंकररावांपाशी रडली. म्हणाली, आजाराच्या आधी तो सारखा म्हणायचा, पुढच्या वेळी माझे वडील करायचे तसली बिअर करीन. तसली म्हणजे कसली, ते कधी बोलला नाही. ती फक्त बाटल्या धुवायची.

झालं. तसली बिअर आपणच करून वॉल्टरला द्यायची, हे शंकररावांच्या डोक्यात शिरलं. रत्नाबाई, त्यांची बायको, कडाडल्या, "पाचवं शील काय आता तळघरात नेऊन ठेवता?"

"मी पिणार नाही, विकणार नाही. डॉक्टरनं त्याला अर्धा ग्लास अलाउ केलाय," शंकरराव म्हणाले. "बरोबर की चूक, मला नाही माहीत, रत्ना. पण त्या माणसाला काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे ना."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही दुकानात उभे होतो. फळीवर टिनचे डबेच डबे. आत काकवीसारखा दाट मॉल्ट, झाकणाखाली यीस्टची पुडी. पाणी आणि साखर आपली. फिकट, लालसर, काळी, इंग्लिश, जर्मन. दुकानदारानं विचारलं, तुम्हाला कुठली आवडते? शंकरराव म्हणाले, "टी." तो बिचारा हसावं की रडावं या विचारात पडला.

डब्यांची नावं त्यांनी आधीच दुकानाला फोन करून कागदावर उतरवली आणि वॉल्टरला वाचून दाखवली होती. वॉल्टरनं मान खिडकीकडे फिरवली. मग यांनी पुलांच्या इंजिनिअरला शोभेल अशी युक्ती काढली. दुकानातून कमी-जास्त भाजलेल्या बार्लीचे चार नमुने घेतले, लिफाफ्यांवर नंबर टाकले आणि वॉल्टरच्या किचनमध्ये चार कपांत गरम पाणी ओतून ते भिजवले. मी हसत होतो, पण खरं सांगायचं तर मलाही आता कुतूहल आवरत नव्हतं. पहिला कप नाकाशी नेला, वॉल्टरनं तोंड फिरवलं. दुसरा, तिसरा, तसंच. चौथ्याला करपलेल्या भाकरीसारखा वास होता. वॉल्टरनं तो कप डाव्या हातात धरला आणि हेलन घ्यायला गेली तरी सोडला नाही.

"काळी जर्मन!" शंकरराव ओरडले. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे.

वॉल्टरकडे पायऱ्या फार, म्हणून मॉल्ट, साखर, पाणी आणि यीस्ट कालवलेली बादली आंबायला शंकररावांच्या तळघरात ठेवायची ठरली. डब्यावरच्या कागदात थंड जागी ठेवा, असं स्वच्छ लिहिलं होतं. एव्हाना रत्नाबाईंनाच त्यात रस आला होता. त्या म्हणाल्या, "लिहिणाऱ्याच्या घरी कधी इडली झाली नसेल. या थंडीत काय आंबणार, कप्पाळ! फर्नेसपाशी ठेवा." नेपरव्हिलमध्ये आम्हा सगळ्यांचं दही आणि इडलीचं पीठ तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्याच कृपेनं जमत होतं, त्यामुळे मीही मान डोलावली. वर दोन गोधड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बादली अशी बुडबुडली की शंकरराव ऑफिसातून दोनदा फोन करून विचारत होते.

मार्चच्या शेवटी आम्ही वॉल्टरच्या किचनमध्ये जमलो. पहिला घोट मी घेतला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा भपका आला. शंकररावांनी माझा चेहरा वाचला आणि त्यांचं तोंड उतरलं.

वॉल्टरनं घोट घेतला. थांबला. त्याची मान हळूहळू लाल झाली. त्यानं डावा हात टेबलावर आपटला.

"वॉर्म!" तो ओरडला. "टू वॉर्म!"

बिअर फार उबेत आंबलीय, हे त्याला एका घोटात कळलं होतं. हेलननं तोंडावर हात धरला. वॉल्टर शंकररावांकडे बोट करून पुन्हा तेच बोलला, मग एक कचकचीत शिवी, मग पुन्हा "वॉर्म". एवढेच शब्द, पण पुरते, खणखणीत. शंकरराव त्याच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे उभे होते. "यस, वॉल्टर. सॉरी, वॉल्टर," म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. साडेचार महिन्यांनी त्या घरात कोणीतरी कोणालातरी रागावत होतं.