जागृतीच्या पाठीमागे

मोलगीच्या वरच्या पाड्यावरची जागृती वसावे शहाद्याच्या कॉलेजात आली तेव्हा तिनं फुटबॉलला पायही लावला नव्हता. पळणं मात्र येत होतं. बाजाराच्या दिवशी आई, भुरीबाई, आमचूरचं गाठोडं डोक्यावर घेऊन उतार उतरायची आणि जीप सुटू नये म्हणून जागृती पुढे धावत जाऊन ती थांबवायची. मैदानावर तिचं धावणं पाहून भाग्येश सरांनी तिला मुलींच्या संघात घेतलं आणि थेट आघाडीला उभं केलं.

सरांची रीत ठरलेली. समोरच्या गोलकडे पाठ करून उभं राहायचं, आलेला बॉल पायात अडवायचा, मग वळायचं. सर स्वतः धिप्पाड, आयुष्यभर तसेच खेळलेले. जागृती हडकुळी. बॉल अडवेपर्यंत पाठीवर कुणीतरी आदळलेलं असायचं.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या सामन्यात एकीचं ढोपर मागून तिच्या बरगडीत बसलं. ती पडली आणि श्वास आत जाईना. तोंड उघडं, वर आभाळ, कानात काहीच नाही. आपण मरतोय, असं तिला स्पष्ट वाटलं. श्वास आला, बरगडीही जुळली. पण तेव्हापासून बॉल आपल्याकडे येताना दिसला की ती बॉल सोडून मागे बघे. तेवढ्यात बॉल निसटे.

"लक्ष कुठंय तुझं?" सर ओरडत. "एवढा वेग फुकट घालवतेस!"

ती खरं कारण सांगत नसे. घाबरते म्हटलं तर संघातून काढतील, आणि मग वडील, करमसिंग, म्हणतील, "चल आता आमच्यासोबत गुजरातेत, ऊसतोडीला." ती भीती वेगळीच.

नंदुरबारच्या अंतिम सामन्यात पूर्वार्धात तिच्याकडे आलेला प्रत्येक बॉल गेला. मध्यंतरात ती नळापाशी ओकली. मधल्या फळीत खेळणारी म्हसावदची रंजिता तिच्यामागे आली.

"भ्याई ऱ्हायनी का तू?"

"मागून कुणी येतंय असं सारखं वाटतं."

रंजिता तिला घेऊन सरांसमोर उभी राहिली. "सर, बॉल तिच्या पायात नको. मी पुढे मोकळ्या जागेत टाकते, ती पळत जाऊन घेईल."

"वर्षभर शिकवलं ते काय वाया घालवू?"

"सर, ती घाबरते."

सरांनी जागृतीकडे पाहिलं. "खरं?"

"हो सर."

"मग बाहेर बस."

ती बाकावर बसली आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेचीच तिला जास्त भीती वाटली. थोड्या वेळात समोरच्यांनी गोल केला. सर रेषेवर येरझाऱ्या घालत होते. या स्पर्धेत बाहेर काढलेल्या खेळाडूला परत आत घेता येत होतं. शेवटी तिच्याकडे न बघताच म्हणाले, "ऊठ. रंजिता म्हणते तसं कर."

रंजितानं बॉल उंच, मोकळ्या जागेत टाकला. जागृती पळाली. पाठीमागे कुणीच नव्हतं! पण समोरून गोलकीपर अंगावर धावत आली, जागृतीचे पाय थिजले आणि बॉल बाहेर गेला.

"जागू, देखू नको! पळ!" रंजिता ओरडली.

पुढच्या वेळीही गोलकीपर तशीच धावत आली. ती रडतच पळत होती. गोलकीपर पोचण्याआधी तिनं बॉल बाजूनं ढकलला. धडक बसली, ती आडवी झाली. डोळे मिटून तिनं आधी श्वास घेऊन पाहिला. येत होता. गोल झाल्याचं इतर मुली अंगावर पडल्या तेव्हा कळलं.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीत त्या हरल्या. पेनल्टी मारायला जागृतीनं नकार दिला होता.

परतताना गाडीत सर तिच्याजवळ येऊन बसले. "आधी का नाही सांगितलंस?"

"काढून टाकाल म्हणून."

"काढलंच की मी." मग ते म्हणाले, "सोमवारपासून सराव बदलू. आधी रंजिताला विचारतो, बॉल कुठून टाकायचा ते."

जागृती अजून खेळते. यंदा विद्यापीठाच्या संघातही निवड झाली. सामन्याआधी ती अजूनही ओकते. फरक एवढाच, की आता सर पाण्याची बाटली घेऊन नळापाशी उभे असतात, आणि "घाबरू नको" असं म्हणत नाहीत.