कॅसेटवरचं नाव

गाण्यालाही मालक असतो, ही गोष्ट अख्ख्या खान्देशात सगळ्यात आधी कोणाला कळली असेल तर ती आमच्या शेजारच्या वकीलनानांना. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती फक्त त्यांनाच ठाऊक होती. ऐंशीच्या दशकात जळगाव कोर्टातले बाकीचे वकील बांधाच्या भांडणांत आणि फारकतींत बुडालेले असताना नाना मुंबईहून पार्सलने कॉपीराइटची पुस्तकं मागवत. पक्षकार मात्र कुठूनच येत नसत. त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. "मुंबईतलं सगळं एक दिवस जळगावात येतं," ते मला ऐटीत सांगत. "आधी चोरी येते, मागून कायदा येतो. मी फक्त दोघांच्या आधी येऊन बसलोय."

पक्षकार नसले तरी कायदा थांबत नसे. रिक्षात टेप सुरू असला तर नाना आधी कॅसेटचं वेष्टण मागत, आणि नक्कल निघाली तर भर उन्हात उतरून पायी जात. पंगतीत पापड वाढला की त्याच्या पाकिटावरचा छाप असली आहे का ते विचारत. तोवर वरण गार होई. गल्लीत केबल आली आणि तिच्यावर थेटरात लागलेलेच सिनेमे दिसू लागले, तेव्हा नाना आमच्याकडे येऊन टीव्हीकडे पाठ करून बसत. "पाहणं गुन्ह्यात सामील होणं आहे," ते म्हणत, "ऐकण्याबद्दल मतभेद आहेत." मारामारी सुरू झाली की मात्र त्यांची मान आपोआप वळे. एकदा एका शेतकऱ्याने ठिबकच्या नळीत गाळ अडकू नये म्हणून झकास तोटी बनवली. पेटंटसाठी नानांनी अर्ज लिहायला घेतला आणि कळलं, की गड्याने ती आधीच सगळ्या शिवाराला खोलून दाखवली होती; एकदा उघड झालेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही. नाना दोन दिवस जेवले नाहीत. घरी बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, भरताच्या मसाल्याला त्यांनी 'व्यापारी गुपित' ठरवलं होतं. वहिनींनी ते गल्लीभर वाटलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

मग माझ्या बहिणीचं लग्न झालं आणि नानांना त्यांची केस मिळाली. आमच्याकडे लग्नात बायका व्याह्यांना चिडवणारी गाणी म्हणतात, त्यांची नावं घालून. अमळनेरकडच्या एक अक्का यात पटाईत होत्या. समोर काय घडलं ते पाहून तिथल्या तिथे गाणं रचत. नवरदेवाचे काका गुलाबभाऊ धुळ्याहून एस्टीने येताना असे झोपले, की जळगाव मागे पडून थेट भुसावळला उतरले आणि हळद आटोपल्यावर मांडवात पोचले. ते चप्पल काढतात तोच अक्कांनी सूर लावला, "गुलाबभाऊ काका एस्टीमा जपना, जळगाव भुलना, भुसावळले गया!" मांडव कोसळायचा बाकी राहिला.

लाउडस्पीकरवाल्याने ते सगळं टेप केलं होतं. चार महिन्यांनी एस्टी स्टँडवर एका कंपनीची 'खान्देशी लग्नगीते' नावाची कॅसेट विकायला आली. आवाज अक्कांचा, शब्द अक्कांचे आणि नाव कोणाचंच नाही. गायिकेच्या जागी 'पारंपरिक' असं छापलेलं. घाईत त्या शहाण्यांनी गुलाबभाऊंचं नाव मात्र कापलं नव्हतं, त्यामुळे काका जिल्ह्यातल्या प्रत्येक पानटपरीवर रोज भुसावळला जाऊ लागले.

अक्का नानांकडे आल्या. नानांनी नुकसानभरपाईचं कलम उघडताच त्यांनी हात जोडले. "पैसा नको माले, नाना. मन्ही माय जलमभर गानी गाये, तिन्हं नाव कोनलेच माहीत नही. त्या डबीवर मन्हं नाव पाहिजे. बस." नानांनी पुस्तक मिटलं. त्यांचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

कंपनीचं म्हणणं सोपं होतं: ही जुनी गाणी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, सगळ्यांची. हे गाणं त्याच दिवशी जन्मलं असं सांगू शकणारा पक्का साक्षीदार एकच, ज्याच्या झोपेवरून ते रचलं तोच, आणि तो शरमेने घराबाहेर पडत नव्हता. नाना मला घेऊन धुळ्याला गेले. गुलाबभाऊ गरजले, "भर कोर्टमा सांगू का, मी जपनू म्हनीसन?" नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुम्ही झोपलात हे बठ्ठ्या, अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. फक्त कोर्टाला माहीत नाही. आणि तुम्ही बोलला नाहीत, तर त्या बाईचं नाव कायमचं जाईल." भाऊंनी हातातली सुपारी कातरून तोंडात टाकली. मग यायला कबूल होत म्हणाले, "येस मी."

तारखेला नानांनी मला धुळ्याहून एस्टीत भाऊंच्या शेजारच्या सीटवर बसवून आणलं. एरंडोल सोडल्यावर भाऊ घोरायलाच लागले. जळगावला मी त्यांना अक्षरशः ओढून उतरवलं. पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी छाती काढून सांगितलं, की होय, झोपलो होतो. समोरच्या वकिलाने पुन्हा 'पिढ्यान्‌पिढ्या' सुरू केलं, तेव्हा नाना उठले. "म्हणजे, साहेब, माझे साक्षीदार पिढ्यान्‌पिढ्या भुसावळला उतरतायत?" न्यायाधीशांनी हसू लपवायला फाइल तोंडापुढे धरली.

निकाल अक्कांच्या बाजूने लागला. नवी कॅसेट आली, तेव्हा त्यांनी वाचता येत नसलेल्या आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हाई बठ्ठं मन्हंच नाव शे? इतलं लांब?" नानांनी ते त्यांना तीनदा वाचून दाखवलं.

पुढे अक्का गेल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी नानाही गेले. त्यांच्या टेबलावरची पुस्तकं घेणारा कोणी निघाला नाही. परवा असोद्याला एका लग्नात बायकांनी तेच गाणं धरलं. काका वेगळे, गाव वेगळं, चाल तीच. मी बाजूच्या बाईला विचारलं, हे गाणं कोणाचं? "कोनाचं म्हनजे? आपलंच," ती हसून म्हणाली. मला नानांची फार आठवण आली. गाणं संपल्यावर मी भर मांडवात उठलो, लाउडस्पीकरवाल्याच्या हातातून माइक घेतला आणि अक्कांचं पूर्ण नाव, कॅसेटवर छापलं होतं तसंच्या तसं, मोठ्याने सांगितलं.