बारा पस्तीसच्या अक्षता आणि फिनलंडचा बँड

आमच्या जळकोट तालुक्यात पत्रिकेत छापलेल्या मुहूर्तावर अक्षता आजवर एकदाच पडल्या, आणि त्या मी पाडल्या. या हकिकतीत शपथेवर सांगण्यासारखं बरंच आहे. थोडा मसाला जास्त वाटला तर वाचणाऱ्यानं आपल्या तब्येतीप्रमाणे कमी करून घ्यावा, माझी हरकत नाही.

मी अहमदपूरला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. नांदेडला वसतिगृहात असताना देगलूरकडच्या एका मित्रानं एका दुपारी माझ्या कानाला हेडफोन लावला आणि मी कामातून गेलो. त्या संगीताला डूम मेटल म्हणतात. वाजवणारे फिनलंडचे. ड्रमचा एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत माणसानं चहा ठेवावा, उकळावा, गाळावा आणि बशीत ओतून फुंकर मारावी, एवढी त्याची लय संथ. गिटार अशी की म्हैस पोहऱ्यात तोंड घालून रेकावी. आणि गाणारा असा गातो, जणू त्याच्या घरची सगळी माणसं त्याला न सांगता गाव सोडून गेलीत. पंचवीस वर्षं मी हे ऐकत आलो. अहमदपूर ते नांदेड एसटीत माझी चार गाणी होतात, आणि चौथं काही संपत नाही.

पण सगळं फोनवर. समोर बसून एकदाही नाही. ते लोक कशाला येतात आपल्याकडं?

तर ते आले. बातमी आणली माझ्या भाचीनं. ही आक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी माझ्या स्कूटरवर पुढं उभी राहून, एका कानात माझा हेडफोन घालून वाढलेली, त्यामुळं तिचीही तीच गत. म्हणाली, "मामा, बँड बंद होऊन राहिलाय. हा शेवटचा दौरा. हैदराबादला एकच कार्यक्रम हाय, संध्याकाळी सहाला. आधी त्यांच्याकडचाच एक लोकगीतं वाजवणारा मेटल बँड, मग आपला." तिनं दोन तिकिटं काढून टाकली. एक तिचं, एक माझं.

पंधरा दिवसांत तिचं लग्न जमलं. स्थळ देवणीचं, मुलगा चांगला, घर चांगलं. गुरुजींनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि माघातल्या एका तिथीवर ठेवलं. मी मोबाईलमध्ये तारीख बघितली आणि माझ्या हातातला चहा आपोआप गार झाला. पंचांगानं आणि फिनलंडनं एकच दिवस निवडला होता.

आता मामा म्हणजे काय हे आपल्याकडं सांगायला नको. नवरीला हाताला धरून बोहल्यावर मामानं आणायचं, तिच्या पाठीशी मामानं उभं राहायचं. मामा नसेल तर लग्न लागतं, पण त्याची चर्चा पुढची तीन लग्नं पुरते. म्हणून मी आक्कालाच गाठलं.

"आक्का, अक्षता कितीच्या?"

"बारा पस्तीस."

"बारा पस्तीसला पडल्या तर मी एकला निघतो."

आक्का हसता हसता खाली बसली. "तुझ्या लग्नात किती वाजता पडल्या रे?"

"चार दहा."

"आन् माझ्या?"

"दिवे लागले होते."

"मग झालं तर."

"पण पडल्या तर?"

"पडल्या तर जा बाबा. बिदाईलाबी थांबू नको. पण एक मिनिट जरी इकडंतिकडं झालं तर तिकीट माझ्या हातात द्यायचं, आन् पोरगी गाडीत बसेपर्यंत हूं का चूं करायचं न्हाई."

"शब्द?"

"शब्द. सूर्य पश्चिमेला उगवायचा हाय का?"

मी मनात म्हटलं, उगवायला लावतो.

लग्नाच्या दिवशी पहाटेच मी मांडवात. आचाऱ्याला दटावलं, फोटोवाल्याला गोंजारलं, गुरुजींचं घड्याळ माझ्या घड्याळाशी जुळवलं. अकराला परण्या निघाला. परण्या म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो आणि तिथून मांडवात येतो. मारुती ते मांडव तीनशे पावलं. मी मोजलीत. पण पुढं डीजे, डीजेपुढं नाचणारी मंडळी, आणि रीत अशी की नाचणारे सरकल्याशिवाय घोडा सरकत नाही. या तीनशे पावलांना आमच्याकडं अडीच तास लागतात. लातूरहून निघालेला माणूस तेवढ्यात नांदेडात जेवून हात धुतो.

बारा वाजायला दहा कमी होते आणि वरात मारुतीच्या पायरीपासून एका बैलगाडीएवढी पुढं आली होती. नवरदेवाचे मित्र असे नाचत होते की त्यातल्या दोघांना मी जमिनीला पाय लावताना पाहिलंच नाही. मी हात जोडले, ओरडलो, एकाला ओढलं. त्यानं मलाच मधे ओढून नाचवलं. पाच मिनिटं त्यातच गेली.

मग मी डीजेच्या गाडीवर चढलो. डीजेवाला माझा जुना विद्यार्थी निघाला. त्रिकोणमितीत मी त्याला तीनदा नापास केलं होतं.

"सर, आज तुम्ही माझ्या हातात हाय," तो म्हणाला.

"एक गाणं लाव माझं."

"किती मिनिटाचं?"

"चौदा."

"नाचता येतंय का त्याच्यावर?"

"ते आपण बघू की."

तो चांगल्या मनाचा. त्यानं माझा फोन जोडला आणि आवाज, हेही सांगतो, माझ्यावरचा जुना राग काढल्यासारखा शेवटपर्यंत फिरवला.

पहिला ठोका पडला. गल्लीतल्या पत्र्यांवरची धूळ उठून पुन्हा बसली. नाचणारे वर केलेल्या हातांनी तसेच थांबले आणि दुसऱ्या ठोक्याची वाट बघू लागले. तो काही येईना. एकजण म्हणाला, "बॅटरी उतरली." दुसऱ्यानं हळूच विचारलं, "कोण गेलं?" ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मग दुसरा ठोका पडला, आणि गिटारची ती म्हैस रेकली.

या संगीतावर नाचता येत नाही. मी पंचवीस वर्षं घराची कडी लावून प्रयत्न केलाय. पण त्यावर गप्प उभंही राहवत नाही. मग शरीराला एकच उरतं, चालणं. मंडळी चालू लागली. मान खाली, हात मागं, एका ठोक्याला एक पाऊल. सकाळपासून थयथयाट करणारा घोडा एकदम शहाण्यासारखा चालायला लागला. एका घरापुढं देवणी जातीचा वळू बांधलेला होता, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, तो तालात मान वरखाली करत होता. हैदराबादला नंतर हजारभर पोरं तसंच करताना पाहिली, पण त्या वळूची सर एकालाही नव्हती.

नवरदेव घोड्यावरून वाकला. "मामा, हे कोणाचं हाय?"

"फिनलंडचं."

"बंद करू नका."

त्या क्षणी मला वाटलं, पोरगी चांगल्या घरात पडली.

बारा सोळाला आम्ही मांडवात. पण तिथं माईक धरून नवरदेवाचे चुलते उभे. निवृत्त मुख्याध्यापक. हातात सत्काराची यादी, टॉवेल-टोपीचे ढीग मागं. नावं बासष्ट, आणि प्रत्येकाच्या नावाआधी दोन ओळींची विशेषणं. हा माणूस पाऊस पडला तरी यादी संपवणार, हे त्यांच्या चष्म्यावरूनच कळत होतं. मी अदबीनं वाकलो, पाया पडलो, आणि उठता उठता माईक घेतला.

"सर्व सत्कारमूर्तींना विनंती," मी म्हणालो, "आपला सत्कार पहिल्या पंगतीत, मानाच्या पाटावर, ताटापाशी होईल. पहिली पंगत अक्षता पडल्याबरोबर बसेल. पाट बासष्टच आहेत."

बस. मांडवाचा वाराच फिरला. आतापर्यंत निवांत पान चघळणारे मातब्बर लोक गुरुजींकडं बघायला लागले. एकजण तर म्हणाला, "गुरुजी, मुहूर्त म्हणजे मुहूर्त. आवरा." चुलते माझ्याकडं बघत होते. त्यांची यादी वाचायची राहिली हे माझ्यावर आजही उधार आहे.

मी आत गेलो. भाची तयार होती, मुंडावळ्या बांधून.

"किती झाले मामा?"

"बत्तीस."

"मग पळू का?"

"नवरी पळत नसते."

"मी साडी उचलून धरते. तुम्ही समोर बघा."

मी समोर बघितलं. माझ्या हाताला असा हिसका बसला की नवरीला मामानं आणलं का मामाला नवरीनं, यावर फोटो बघताना अजून वाद होतो. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं म्हणायला तीन मावशा वह्या घेऊन उभ्या होत्या, त्यांना गुरुजींनी एकेकच कडवं दिलं. आणि बारा पस्तीसला, गुरुजींच्या, माझ्या आणि फोटोवाल्याच्या अशा तीन घड्याळांत बारा पस्तीसला, अक्षता पडल्या. मांडव अर्धा रिकामा होता. अर्धे लोक अजून स्टँडवर एसटीतून उतरत होते.

आक्कानं आधी माझ्या मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग स्वतःच्या मोबाईलमध्ये. ती हसली नाही.

"माझी नणंद अजून फाट्यावर हाय," ती म्हणाली. "तिच्या तोंडाला मी जन्मभर तोंड देणार हाय. तू न्हाई."

माझी सगळी मस्ती उतरली. मी म्हणालो, "आक्का, थांबतो मी."

"शब्द दिला म्हणजे दिला. जा."

तरी माझा पाय निघेना. तेव्हा बोहल्यावरून भाची खाली वाकली आणि माझ्या कानात म्हणाली, "मामा, बिदाईला सगळं गाव हाय. तिकडं आपलं कुणीच न्हाई. तुम्ही जा." आणि तिचं तिकीट माझ्या बायकोच्या हातात ठेवलं.

बायको शालू नेसलेली, मी फेट्यात. तशीच गाडी काढली. उदगीर गेलं, बिदर गेलं. सूर्य अजून डोक्यावरून जेमतेम कलला होता आणि माझ्या अंगात राजासारखी हवा शिरली होती. वाटेत ढाबा दिसला. मांडवात आम्ही जेवलोच नव्हतो. मुलीकडच्यांनी शेवटी जेवायचं असतं.

"अहो, पटकन खाऊ आन् निघू," बायको म्हणाली.

"घाई काय? सहाचा कार्यक्रम म्हणजे आठचा. नांदेडला सहाचं कविसंमेलन दहाला सुरू झालेलं मी पाहिलंय, आन् तेबी पाहुणे वेळेवर आले म्हणून."

मी शेवभाजी मागवली. मग आणखी एक भाकरी. मग कढी. मग खाटेवर पाठ टेकली, ती अशी टेकली की उठवायला बायकोला तांब्यातलं पाणी वापरावं लागलं. ज्या माणसानं सकाळपासून अख्ख्या तालुक्याचं घड्याळ सरळ केलं, त्यानं दुपारी स्वतःचं उलटं लावलं.

मैदानाशी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. आतून व्हायोलिन ऐकू येत होतं.

"सुरू झालं?" मी दारावरच्या रखवालदाराला विचारलं.

"कब का," तो म्हणाला. "छे बजे था, चाचा."

"छे बजे मतलब?"

"छे बजे मतलब छे बजे."

लोकगीतवाल्यांचं दीडच गाणं मिळालं. अंगावर कातडी पांघरलेली, दाढ्या पोटापर्यंत, एकाच्या गळ्यात पेटीसारखं काहीतरी, आणि सगळे मिळून असे बेभान उड्या मारत होते की व्यासपीठ हैदराबाद सोडून निघालं होतं. बायको म्हणाली, "हे तर आपले गोंधळी हायत की." एवढं चांगलं असं एका शेवभाजीपायी गेलं, हे मला गिळवत नव्हतं.

मधल्या वेळात पोरं माझ्या फेट्यासोबत फोटो काढत होती. मी फिनलंडचा नाही हे मी चार जणांना सांगितलं, पाचव्याला नाही सांगितलं. त्यानं आदरानं गर्दीतून वाट करून दिली आणि आम्ही नवराबायको थेट पुढच्या लोखंडी कठड्याला जाऊन टेकलो.

मग दिवे निळे झाले. चार साधी माणसं आली. साधे शर्ट, उतरलेले चेहरे, आमच्या स्टाफरूममध्ये पगाराच्या आदल्या दिवशी असतात तसे. पहिला ठोका माझ्या फोनमधून कधीच आला नव्हता असा आला. तो कानाला ऐकूच आला नाही, छातीच्या फासळ्यांत लागला. पंचवीस वर्षं मी या आवाजाचा फोटो बघत होतो.

"हा माणूस कशासाठी रडून राहिला?" बायकोनं कानाशी येऊन विचारलं.

"बायको गेली म्हणे त्याची."

"मेली का निघून गेली?"

"ते गाण्यात न्हाई."

शालूचा पदर खांद्यावर घट्ट घेऊन ती कठड्याला धरून उभी राहिली. एक गाणं झालं, दुसरं झालं. माझ्या खिशात फोन थरथरला, मी काढून बघितला. आक्का. बिदाई झाली असणार. पुन्हा थरथरला. मला एकदम जळकोट आठवलं, आणि परतीचा पाच तासांचा रस्ता, आणि सकाळी आक्कासमोर उभं राहायचं आहे ते. मी बायकोच्या दंडाला हात लावला आणि म्हणालो, "निघायचं का? लांब जायचंय."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

"थांबा," ती म्हणाली. "अजून त्याचं म्हणणं संपलं न्हाई."