परत आलेला डबा

मिस्टर गेले त्या दिवशी मी देवावर रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. रडूही येत नव्हतं, इतकी चीड आली होती. आम्ही बेने इस्राएल ज्यू. कोल्हापुरात मूठभर घरं होती, तीही एकेक करून इस्राएलला निघून गेली. समाजाच्या पोरांना मी दर रविवारी घरी शिकवायची. प्रार्थना पाठ करून भागत नाही, धर्म हातांनी करायचा असतो, हे माझं पालुपद. म्हणून त्यांना मी दवाखान्यात न्यायची, रोग्यांना पाणी पाजायला, ज्यांचं कुणी नाही त्यांच्याजवळ बसायला. मग पोरंही गेली, आणि ओसरीवरची सतरंजी मी गुंडाळून ठेवली. सगळं शिकवणं पाण्यात गेलं असंच वाटायचं.

आमच्यात माती देऊन आल्यावर घरच्यांनी पहिला घास आपल्या चुलीवरचा खायचा नसतो. तो दुसऱ्याने आणून द्यायचा, आणि त्यात उकडलेली अंडी हवीत. पण आणणार कोण? आमच्यातले एकच म्हातारे काका उरले होते. त्यांनी प्रार्थना म्हटली, पण ते बिचारे स्वतःच खानावळीत जेवायचे. गल्लीतल्या पुरुषांनी मिस्टरांना खांदा दिला, बायका माझ्याजवळ बसून राहिल्या, पण खायला कुणीच आणलं नाही. आमच्यात दुसऱ्या धर्माच्या घरचं चालत नाही, असं वर्षानुवर्षं मीच सांगत आले होते. आता मागायला तोंड उघडेना. मूलबाळ नाही, माणूस गेला, आणि एक घास देणारंही कुणी नाही. देवा, तू आहेस तरी का, असं मी उघड म्हणाले.

दिवस कलताना एक अनोळखी बाई दारात आली. हातात आमचा डबा, त्यावर मिस्टरांचं नाव कोरलेलं. तेच नाव लोकांना दाखवत ती राधानगरीकडून आली होती.

"ह्ये पावणं घरात हाईत न्हवं? डबा ऱ्हायलता त्यांचा. तुमच्या पोरांनी दवाखान्यात आणून दिलता, माझा मालक गेला तवा."

मला आठवलं. पोरांनी आमच्या रीतीने तिला उकडलेली अंडी नेऊन दिली होती. सुतकातल्या हिंदू बाईला अंडी! शरमेने मी पोरांना असं झापलं होतं की पोरं रडली होती.

"सुतकात खाल्ली न्हाईत बघा," ती म्हणाली. "पर त्या दिशी दुसरं कुणीबी आलं न्हवतं माझ्यापाशी. त्ये इसरायचं व्हय? आन् डबा मोकळा कसा द्यायचा? घरच्या कोंबड्यांची हाईत. यष्टीत फुटतील म्हणून उकडून आणली."

मी सुतकातल्यासारखी जमिनीवर बसलेय, हे तिला तेव्हा कुठे दिसलं. काय झालं ते मी सांगितलं. ती शेजारी बसली, एक अंडं सोललं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"खावा, बाई."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

आमचा एलियाहू पैगंबर अडल्यावेळी कुणाच्याही रूपात मदतीला येतो म्हणतात. तो आला होता का, मला ठाऊक नाही. मिस्टर परत आले नाहीत, ओसरी पुन्हा भरली नाही. पण त्या दिवसापासून मी देवाकडे हिशेब मागायचं सोडलं. त्याने दिलेला घास मी रडत रडत खाल्ला, आणि मग तिच्यासाठी चहा टाकायला उठले.