वर्षाच्या बोलीवर मिळालेली खोली

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. जुन्या फायली साठतात तसे ते आपोआप साठत जातात. फरक एवढाच, की फायली कुणी उघडत नाही आणि किस्से मात्र शिरीष आणि मी भेटलो की चहा यायच्या आत उघडतात! शिरीष माझा कॉलेजपासूनचा मित्र. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही दोघं ऑक्युपेशनल थेरपीची डिग्री घेऊन नाशिकला परतलो आणि एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात चिकटलो. त्या पहिल्या वर्षाचे हे किस्से. आमच्या डिपार्टमेंटलाही 'ओटी' म्हणतात आणि ऑपरेशन थिएटरलाही, त्यावरचे विनोद मात्र मी सांगणार नाही. ते सगळ्यांनी ऐकलेत आणि त्यातला एकही चांगला नाही.

*

पहिल्याच दिवशी ट्रस्टच्या अध्यक्षांनी बोलावलं. पांढरा सफारी, हातात पेन, बोलणं मोजकं.

"ऑपरेशन सर्जन करतात. व्यायाम फिजिओवाले करून घेतात. मग तुम्ही काय करता?"

शिरीषने पाठ केलेलं उत्तर दिलं. "साहेब, हात हलायला लागला की त्या हाताने माणूस जेवला पाहिजे, अंघोळ करायला लागला पाहिजे, कामावर गेला पाहिजे. ते आम्ही बघतो."

अध्यक्षांनी पेनचं टोपण लावलं. "ठीक. मागची स्टोअररूम घ्या. वर्षभर बघू. लोकांना उपयोग होतोय असं मला दिसलं तर ठेवू. नाहीतर खोली एक्स-रेला."

झालं! तेव्हापासून एक्स-रेचे बागूलभाऊ दर महिन्याला टेप घेऊन यायचे. माणूस फार सज्जन, पण नव्या मशीनसाठी जीव टाकायचे. पेशंटच्या पायाखालून टेप सरकवत मला विचारायचे, "मॅडम, मशीन या कोपऱ्यात बसेल ना?"

"बागूलभाऊ, अजून आम्ही बसलोय!"

"हो हो, बसा ना. मी फक्त मोजून ठेवतो."

*

खोली मिळाली, सामान शून्य. मुंबईहून उपकरणं मागवायचं नावही काढायची सोय नव्हती. मग आम्ही दोघं भांडी बाजारात आणि तिथून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दोन नळ, तीन तऱ्हेच्या कड्या, चार कुलपं, विजेची बटणं, एक डोअरबेल. हे सगळं एका फळीवर ठोकायचं, म्हणजे पेशंटच्या बोटांना रोजच्या कामाची सवय होते.

दुकानदार उत्साहात होता. "नवीन घर का? अभिनंदन!"

"घर नाही," मी म्हटलं. "हे सगळं एका फळीला लावायचंय."

"नळाला पाणी?"

"नाही."

"कुलूप लावून बंद काय करायचं?"

"काहीच नाही. नुसतं उघडायचं आणि परत लावायचं. दिवसभर."

त्याने सामान निमूटपणे बांधलं. निघताना शिरीषला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "घरी कुणी मोठं माणूस आहे का?"

*

त्याच सुमारास मला बघायला एक मंडळी आली होती. मुलाच्या आईने विचारलं, "काय शिकलीस?" मी सांगितलं. त्यांना काही कळलं नाही. डॉक्टर का, तर नाही. नर्स का, तर नाही. मालिश का, तर मुळीच नाही!

शेवटी माझी आई मदतीला आली. "अहो, ती लोकांना जेवायला शिकवते, कपडे घालायला शिकवते, बटणं लावायला शिकवते."

"अस्सं होय!" त्यांचा चेहरा उजळला. "बालवाडी!"

स्थळ मोडलं. कांदेपोहे मात्र आईने फर्मास केले होते.

*

आमचे पहिले भरवशाचे पेशंट म्हणजे निफाडचे तात्या. द्राक्षबागायतदार, वय साठीच्या आसपास. अर्धांगवायूने उजवा हात गेला होता, तो हळूहळू परत येत होता. मी त्यांच्यापुढे रंगीत खुंट्यांची फळी ठेवली. एक एक खुंटी उचलायची आणि भोकात घालायची. तात्यांनी चार दिवस केलं. पाचव्या दिवशी फळी माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, हे माझी नात खेळती. बागेत विरळणी सुरू हाय आन् मी हितं खुंट्या घालतोय. घरी कुणाला सांगायची बी लाज वाटती."

विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने कापून टाकायचे, म्हणजे उरलेले चांगले फुगतात. सगळं काम बोटांचं. मी म्हटलं, "तात्या, उद्या येताना घड आणि कात्री घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने टोपलीभर घड आणले. घड वेलीवर असतो तसा डोळ्यांसमोर लटकायला हवा, म्हणून आम्ही तो सलाइनच्या स्टँडला बांधला. तात्या समोर बसले. पहिले दोन दिवस चांगलेच मणी कापले गेले. तात्या स्वतःलाच शिव्या द्यायचे आणि मला शिकवायचे. "तुम्ही हात शिकवा, द्राक्ष मी शिकवतो!" आठव्या दिवशी त्यांनी एक अख्खा घड नीट विरळला आणि कात्री खाली ठेवून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. खोटं कशाला सांगू, शिरीषही रडला.

नेमके तेव्हाच सर्जनसाहेब राउंडला आले. त्यांनी स्टँडला लटकणारा घड पाहिला, खाली तिघांचे ओले डोळे पाहिले, आणि गंभीरपणे सिस्टरला विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं सलाइन?"

*

नामपूरच्या आजींचा किस्सा माझ्या अंगाशी आलेला आहे. तोही सांगून टाकते.

आजींचाही उजवा हात अर्धांगवायूने कमजोर झाला होता. मुलगा नाशिकला नोकरीला, म्हणून इथे उपचार. मी त्यांना बटणांच्या फळीवर बसवलं. मोठी बटणं, मग मधली, मग शर्टाची बारीक. तीन आठवडे! आजी एक दिवस चुकल्या नाहीत. शेवटी त्यांनी बारीक बटणांची अख्खी रांग एका दमात लावली. मी टाळ्या वाजवल्या, वॉर्डातल्या मावशींना बोलावून दाखवलं.

"आजी, आता घरी तुमचे कपडे तुम्हीच घालायचे!"

आजींनी अंगावरच्या चोळीकडे बघितलं. चोळीला पुढे गाठ होती, बटण एकही नाही. त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या,

"बेटा, मी जलममा गुंडी लाई नही. मी चोळीले गाठ मारस."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. "अहो आजी, मग तीन आठवडे बोलला का नाहीत?"

आजींनी माझ्या गालावर हात ठेवला. तोच, उजवा. "तुले शिकाडानी इतली हौस व्हती, तुन्हं मन कसाले मोडू?"

*

स्प्लिंट म्हणजे हाताला आधार देणारी प्लास्टिकची पट्टी. तिचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा आणि हातावर ठेवून आकार द्यायचा. तो पत्रा तेव्हा आमच्याकडे सोन्यासारखा जपून वापरला जायचा. देवळ्याच्या एका पोराच्या मनगटाला मी असा काही सुंदर स्प्लिंट करून दिला की शिरीषनेसुद्धा तोंड भरून कौतुक केलं. पोराच्या आईला बजावलं, "ताई, स्वच्छ ठेवायचा बरं का!"

आठवड्याने ताई आल्या. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. सपाट, गोल, कडेला थोडं वर आलेलं.

"तुम्ही सांगितलं स्वच्छ ठेवा. सिस्टर लोक सुया उकळतात ना, तसा मी उकळला. तर ह्यो असा झाला. मंग लाटण्यानं जरा सरळ करून आणलाय."

मी कपाळाला हात लावला, पातेलं ठेवलं, पाणी गरम केलं, तो पापड आत टाकला, मऊ झाल्यावर पोराच्या मनगटावर बसवला. ताई शेजारी उभ्या राहून सगळं बारकाईने बघत होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "मंग मी काय येगळं केलं?"

*

शिरीषचा सगळ्यात आवडता किस्सा पंचवटीतला. एका काकांना व्हीलचेअर मिळाली होती. घर बघायला शिरीष गेला, टेप लावली आणि सांगून टाकलं, "उंबरठा काढावा लागेल."

काकू रोज सकाळी त्या उंबरठ्याला हळदकुंकू वाहायच्या, पुढे रांगोळी काढायच्या. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा ह्यांना आम्ही उचलून नेऊ. चौघं आहोत."

काका खुर्चीतून म्हणाले, "मला कुणी उचलायचं नाही."

दोघांपैकी कुणीच मागे हटेना. शिरीषने सुताराला बोलावलं, उंबरठ्याला हात न लावता दोन्ही बाजूंनी उतरत्या फळ्या करून घेतल्या. मधला उंबरठा उघडाच राहिला, पूजेला मोकळा. आठवड्याने तो परत गेला तेव्हा काकूंनी फळीवरसुद्धा रांगोळी काढली होती. काका तिच्यावरून थाटात आत गेले. देवघरापर्यंत रांगोळीच्या दोन पांढऱ्या रेघा उमटल्या.

शिरीष घाबरला, आता काकू चिडणार. काकू रेघांकडे बघत राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, "आज पुसू नकोस गं."

*

आणि मग वर्ष संपलं.

आमच्या रजिस्टरात पेशंट होते, पण अध्यक्षांना रजिस्टर नको होतं, त्यांना दिसायला हवं होतं. ते येणार त्या सकाळी मी खोलीत शिरले तर आत टेबल नाही, खुर्च्या नाहीत, कपाट नाही. ऑफिसच्या लोकांनी खोली जाणार असं धरूनच सगळं पॅसेजमध्ये काढून ठेवलं होतं. आत फक्त एक स्टूल उरलं होतं आणि भिंतीजवळ मंदाताई उभ्या होत्या.

मंदाताई मखमलाबादकडच्या माळी घरातल्या. घरची फुलशेती, त्या पहाटे फुलबाजारात हार करायला बसायच्या. टेम्पोतून पडून उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं, पण बोटं आणि खांदा दोन्ही आखडून बसले. दोन महिने त्या आमच्याकडे येत होत्या आणि गाडी जागची हलत नव्हती. टेबलाशी ताठ बसायचं, कोपर असं, मनगट तसं, सगळं पुस्तकाप्रमाणे! दोरा धरला की बोटं थरथरायची. परवाच म्हणाल्या होत्या, "मॅडम, हार जमंना तर बाजारातली जागा सोडून देते."

त्या दिवशी त्या पिशवीभर झेंडू घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, आज टेबल नाही. आजचा दिवस राहू द्या."

"राहू द्या कशाला? खाली बसते की."

त्यांनी फरशीवर बसकण मारली. एक पाय लांब केला, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवला, ताणला आणि फूल लावून गाठ मारली. मग दुसरं. मग तिसरं. डावा हात फूल पुढे करत होता, उजवा गाठ मारत होता. सावकाश, पण मारत होता.

शिरीषने माझ्याकडे बघितलं. दोन महिने आम्ही त्या बाईला खुर्चीवर बसवत होतो! हार करायला कसं बसता, हे आम्ही दोघांनी एकदाही विचारलं नव्हतं. इतकी लाज आणि इतका आनंद एकाच वेळी मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मंदाताईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. अर्ध्या तासाने दारात सफारी दिसला. मागे ऑफिसचे दोघं आणि बागूलभाऊ.

अध्यक्षांनी रिकाम्या खोलीवर नजर फिरवली. "तुमचं डिपार्टमेंट कुठंय?"

मंदाताईंनी शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि उठून उभ्या राहिल्या. त्यांना अध्यक्ष कोण हे ठाऊक नव्हतं. चांगला उंच माणूस आहे, एवढंच त्यांनी बघितलं.

"साहेब, बरं झालं आलात. हे तोरण तेवढं दाराला बांधता का?"

"मी?"

"हां. माझा हात कालपर्यंत गाठ मारत नव्हता, आज मारतोय. पर वर जायला अजून सहा महिने तरी लागतील म्हनतात ह्या मॅडम."

अध्यक्षांनी तोरणातली एक गाठ बोटाने चाचपून पाहिली. मग दुसरी. मग मंदाताईंच्या हाताकडे बघितलं. त्यांनी पेन खिशाला लावलं, चपला दाराशी काढल्या आणि स्टुलावर चढले. बागूलभाऊंनी पुढे होऊन स्टूल धरलं.

मंदाताई खालून मान वर करून बघत होत्या.

"गाठ पक्की मारा हां, साहेब."